त्सोंकाच्या बरण्या

स्तामेनचा कॉम्प्युटर सकाळी सुरू केला की तो पूर्ण उघडेपर्यंत कॉफी उकळून व्हायची, पिऊन व्हायची आणि कप विसळून पालथाही घालून व्हायचा. हे वर्षभर चाललं होतं. दुसऱ्या कुणाचा कॉम्प्युटर असा रखडला असता तर स्तामेनने केव्हाच त्याचं निदान करून टाकलं असतं. यांबोलमधल्या आमच्या ब्लॉकच्या बी विंगमध्ये कॉम्प्युटरमधलं कळणारा आपण एकटेच, असं त्याचं मत होतं आणि बाकीच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे ते मत खोडून काढायलाही कुणी नव्हतं. हा तज्ज्ञ एका बोटाने टाइप करायचा. उजव्या हाताच्या तर्जनीने. डाव्या हाताला चष्मा सावरण्याचं काम असे.

"सगळ्या विंगचे कॉम्प्युटर तू दुरुस्त करतोस," त्याची बायको त्सोंका म्हणाली, "मग आपलाच तेवढा असा का?"

"लोकांचे दुरुस्त करण्यात वेळ जातो ना माझा," स्तामेन म्हणाला. हे उत्तर त्याचं त्यालाही फारसं पटलं नाही.

शेवटी सप्टेंबरात त्याने ठरवलं की फॉरमॅट मारायचा. सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकायची. पण पुसणं काय, कुणालाही जमतं. पुसण्याआधीची तयारी ही खरी विद्या, असं तो जिन्यात भेटेल त्याला ऐकवायचा. वर, आपल्या हातून आजवर एक फाइल हरवलेली नाही, हेही सांगायचा. हे ऐकलं नाही असा माणूस बी विंगमध्ये सापडला नसता. आपण हे जरा जास्तच वेळा सांगतो हे त्यालाही ठाऊक होतं, पण तोंड उघडलं की तेच बाहेर पडायचं.

तयारी त्याने थाटात केली. डेस्कटॉपवर साचलेला पसारा आवरताना त्याला विजेच्या जुन्या बिलांचे स्कॅन सापडले, नातवाचा एकच फोटो सात ठिकाणी सापडला आणि ‘महत्त्वाचं’ नावाचं एक फोल्डर सापडलं, ज्यात काहीही नव्हतं. पासवर्ड कुठे लिहून ठेवलेत ते आठवेना. मग ते फ्रिजच्या मागच्या बाजूला चिकटवलेले निघाले. आपणच ते तिथे लपवले होते, चोराला सापडू नयेत म्हणून. चोराला काय, आपल्यालाही सापडले नाहीत, एवढी ती जागा उत्तम होती. प्रिंटरचा ड्रायव्हर त्याने आधी काढून घेतला, कारण प्रिंटर नसेल तर बी विंगमध्ये कुणाला धड मरताही आलं नसतं.

कारण शोकपत्रकं छापायचा तो स्तामेन. कुणाच्या घरी माणूस गेला की पाद्र्याच्या आधी स्तामेनला बोलावणं जाई. काळी चौकट, वर क्रूस, मधे फोटो, खाली नाव, साल आणि चार चांगल्या ओळी. दुपारच्या आत ते पत्रक विंगच्या दारावर, बस थांब्यावर आणि बेकरीच्या काचेवर लागलं पाहिजे. पुढे चाळिसाव्या दिवशी पुन्हा, वर्षाने पुन्हा. आणि दर वेळी रडारड चाललेल्या घरात फोटोच सापडायचा नाही. कुणी लग्नातला आणून द्यायचं, कुणी सैन्यातला. एकाने बापाचा बकरीसोबतचा फोटो आणला होता, त्यात बकरीच जास्त स्पष्ट आली होती.

म्हणून स्तामेनने पूर्वतयारी सुरू केली होती. कुणाच्या नावाच्या संताचा सण, म्हणजे नामदिन असो, नव्या वर्षाची पार्टी असो, फोनवर एकेकाचा बरा चेहरा टिपायचा, घरी आणून कापायचा आणि पत्रक बनवून ठेवायचं. नाव, जन्मसाल, चार ओळी. शेवटची तारीख तेवढी मोकळी. अशी बी विंगमधल्या पंधरा जिवंत माणसांची पत्रकं ‘तयार’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून होती. याला स्तामेन दूरदृष्टी म्हणायचा. दुसरं कुणी याला काय म्हणेल, हा विचार त्याने दूर ठेवला होता.

त्यातलं एक पत्रक मात्र त्याला सलत होतं. समोरच्या दारातल्या मिंचोचं. चाळीस वर्षांचा शेजार. रोज संध्याकाळी दोघांचा फाशांचा ताब्ला चालायचा आणि मिंचो रोज सोंगटी हळूच एक घर पुढे सरकवायचा. उन्हाळ्यात मिंचोच्या हृदयाची झडप खराब असल्याचं निघालं. येत्या गुरुवारी त्याला सोफियाला जायचं होतं, ऑपरेशनसाठी. डॉक्टरकडून मिंचो घरी आला त्याच दिवशी स्तामेनने त्याचं पान उघडलं होतं. का उघडलं, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. मित्राला आजाराची बातमी कळली आणि आपण काळी चौकट आखायला बसलो, याची त्याला मनापासून लाज वाटत होती. हे मिंचोच्या नजरेला पडलं तर चाळीस वर्षांवर पाणी पडेल, याची त्याला खात्री होती.

अडचण अशी होती की बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही, हा नियम स्तामेनचाच. तो त्याने सगळ्या विंगला पाठ करायला लावला होता. आणि दुसरं मशीन म्हणजे मिंचोचं.

"जा की समोर, तपासून ये," त्सोंका म्हणाली. "का, तुझा नियम तुला लागू नाही?"

पेन ड्राइव्ह एकच होता. फोल्डर वगळावं तर पंधरा पत्रकांची मेहनत वाया. मग त्याला युक्ती सुचली. त्याने ‘तयार’ हे नाव खोडलं आणि तर्जनीने एकेक अक्षर शोधत नवीन नाव दिलं: ‘त्सोंकाच्या बरण्या’. बायकांच्या हिवाळी बरण्यांत कोण कशाला डोकावतंय? या हुशारीवर खूश होऊन त्याने राकिया या फळांच्या दारूचा छोटा पेला घेतला.

आता, यांबोलमध्ये सप्टेंबर महिन्यात बायका काय करतात हे आमच्या पोरासोरांनाही माहीत आहे. पोत्यांनी लाल मिरच्या येतात, त्या भाजल्या जातात, सोलल्या जातात, टोमॅटोबरोबर आटवून त्यांची ल्युतेनित्सा होते आणि बरण्या भरल्या जातात. त्सोंकाची ल्युतेनित्सा अख्ख्या ब्लॉकमध्ये नावाजलेली. आणि मिंचोची बायको वेलिच्का तिचं प्रमाण गेली कित्येक वर्षं मागत होती. त्सोंका दर वर्षी प्रेमाने सांगायची आणि दर वर्षी वेगळं सांगायची. वेलिच्काची ल्युतेनित्सा कधी आंबट व्हायची, कधी पातळ. हे सगळं स्तामेनच्या कानावर दर सप्टेंबरात पडत होतं. पण कॉम्प्युटर तज्ज्ञाने मिरच्यांच्या गोष्टी कशाला लक्षात ठेवायच्या?

सोमवारी दुपारी तो पेन ड्राइव्ह घेऊन समोर गेला. दारातच मिंचोची बॅग भरून ठेवलेली होती, वर नव्या पायजम्याची घडी. स्तामेनने तिकडे बघायचं टाळलं.

"या उस्ताद," मिंचो म्हणाला. "माझ्या मशीनला आज तुमचे पाय लागले."

"बाजूला हो. दोन फाइली उघडतो आणि जातो."

माउस त्याने स्वतःच्या हातात घट्ट धरला. नातवाचा फोटो उघडला. विजेचं बिल उघडलं. सगळं ठीक होतं. आता पेन ड्राइव्ह काढायचा, एवढ्यात बाल्कनीत मिरच्या भाजायचं विजेचं भांडं आणि स्वयंपाकघरात ओव्हन एकदम चालू असल्यामुळे खटकन फ्यूज उडाला आणि कॉम्प्युटरसकट सगळं बंद पडलं.

"स्तामेन," वेलिच्का बाल्कनीतून म्हणाली, "तुला विजेचंही कळतं ना?"

नाही म्हणायला जीभ रेटेना. स्तामेनला विजेचं काही कळत नव्हतं, पण तो जिन्यातल्या पेटीपाशी गेला, चष्मा सावरला आणि दिसतील ती सगळी बटणं वर-खाली करत सुटला. आधी तिसऱ्या मजल्यावरच्या पेन्योची वीज गेली आणि वरून शिव्या आल्या. मग ती परत आली. मग मिंचोकडचीही आली. हे सगळं आपण ठरवूनच केलं अशा चेहऱ्याने तो परत आत गेला.

मिंचोचा कॉम्प्युटर तोवर आपसूक चालू होऊन बसला होता. एवढ्या झटकन तो चालू होतो, हेही स्तामेनला झोंबलं. पडद्यासमोर वेलिच्का बसली होती, बोटांना मिरच्यांची काजळी तशीच. तिच्या खुर्चीमागे मिंचो उभा होता. दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

"स्तामेन," वेलिच्का म्हणाली, "मी कधी गेले?"

"कुठे?"

"ते तुला माहीत. लिहिलंयस तू."

पडद्यावर काळ्या चौकटीत वेलिच्का हसत होती.

"तारीख मोकळी आहे," तो कसाबसा म्हणाला.

"म्हणजे ती मी भरायची?" ती पडद्याजवळ वाकली. "हा नव्या वर्षाच्या पार्टीतला फोटो. डोक्यावर कागदी टोपी होती माझ्या. कापायची तर नीट कापायची होतीस, टोक दिसतंय. लोक म्हणतील हिला शिंग आहे."

"पत्रक बरं लिहिलंय पण," मिंचो चष्मा पुढे सरकवत म्हणाला. "‘प्रेमळ, कष्टाळू, सर्वांच्या मदतीला धावणारी.’ ही कोण बाई, वेलिच्का? माझ्याशी ओळख करून दे."

"तू गप्प बस. मी इथे त्सोंकाचं प्रमाण बघायला आले. वाटलं, देवाने शेवटी ऐकलं माझं."

मग मिंचोने माउस घेतला. मिंचो एकेक पत्रक उघडत मोठ्याने वाचू लागला. पेन्यो ‘प्रामाणिक’ निघाला. तळघरातून मिंचोचे कांदे कुणी नेले हे विंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मिंचोला हसू आवरेना. विंगचा कारभार बघणारी रादका ‘मृदुभाषी’ निघाली. तेव्हा वेलिच्काही हसली आणि स्तामेनच्या जिवात जरा जीव आला.

तेवढ्यात नवरा कुठे अडकला म्हणून त्सोंका ओले हात पुसत आली.

"ये," वेलिच्का म्हणाली. "तुझ्या बरण्या बघतोय."

त्सोंकाने स्वतःचं पत्रक वाचलं. वाचायला वेळ लागलाच नाही, कारण दोनच ओळी होत्या. ‘चांगली पत्नी, चांगली आई. तिच्या हाताला चव होती.’

"एवढंच?" ती म्हणाली.

"ते कच्चं आहे अजून," स्तामेन म्हणाला.

"अडतीस वर्षं संसार केला आणि मी अजून कच्चीच?"

"थांबा, थांबा," मिंचो म्हणाला. "हे उस्तादांचं स्वतःचं. अरे, हे तर दुसऱ्या पानावर जातंय."

आता मात्र स्तामेनला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मिंचोने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. ‘दूरदृष्टीचा, अनेक विषयांत गती असलेला, तंत्रज्ञान बी विंगच्या दारी आणणारा, ज्याच्या हातून कधी एक फाइल हरवली नाही...’ त्सोंका खुर्चीत बसली आणि तिने एप्रन तोंडावर धरला. वेलिच्का उघड उघड डोळे पुसत होती. ‘ताब्लामध्ये अजिंक्य,’ इथपर्यंत आल्यावर मिंचो थांबला.

"खोटं छापणं गुन्हा आहे," तो म्हणाला.

"तू सोंगट्या सरकवतोस," स्तामेन म्हणाला. "न सरकवता खेळलो असतो तर अजिंक्यच असतो." आणि मग त्यालाही हसू आलं. आपला फोटोही आपण ओळखपत्रावरचा घेतला होता, वीस वर्षांपूर्वीचा, डोक्यावर केस असलेला. एवढं गाढव आपल्या विंगमध्ये दुसरं नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते वाटून बरंही वाटलं. सगळे हसतायत तोवर पेन ड्राइव्ह काढून पळावं म्हणून त्याने हात पुढे केला.

"बास आता. मिरच्या करपतायत."

"करपू देत. मी राहिलोय," मिंचो म्हणाला.

"तुझं नाहीये."

"आहे की. हे बघ."

मिंचोने पान उघडलं. काळी चौकट. क्रूस. मधे मिंचो, बाल्कनीत, हातात फासे, समोर कुणावर तरी खेकसत असलेला. नाव. जन्मसाल. त्याच्यापुढे एक आडवी रेघ. आणि खाली काहीच नाही. एक ओळही नाही.

वेलिच्का उठून बाल्कनीत गेली. तिथे भाजायला काही उरलं होतं की नव्हतं, कोण जाणे.

"पेन्योसाठी तुला शब्द सापडले," मिंचो म्हणाला. त्याचा आवाज बदलला नव्हता, पण तो हसत नव्हता. "रादकासाठी सापडले. स्वतःसाठी तर दोन पानं. आणि माझ्यासाठी काही नाही?"

"तू डॉक्टरकडून आलास ना, त्या दिवशी उघडलं मी हे," स्तामेन म्हणाला. "का ते विचारू नकोस. मला लाज वाटते. तेव्हापासून रोज उघडतो. एक ओळ लिहितो, खोडतो. मला जमत नाही, मिंचो."

"का?"

"जमत नाही म्हणजे नाही जमत."

मिंचोने चष्मा सावरून स्वतःचा फोटो नीट पाहिला.

"गुरुवारच्या आत लिही," तो म्हणाला. "मला वाचायचंय. नंतर छापलंस तर मला कोण वाचून दाखवणार?"

मंगळवारी स्तामेन कॉम्प्युटरपुढे बसला. ‘प्रामाणिक’ लिहावं तर ते पेन्योला देऊन झालं होतं. ‘प्रेमळ’ वेलिच्काला. ‘दूरदृष्टीचा’ वगैरे सगळं स्वतःच ठेवून घेतलं होतं. शब्दांची एवढी उधळपट्टी करून बसल्यावर जिवलग माणसासाठी आपल्यापाशी काही शिल्लक नाही, हे बघून त्याला स्वतःची चीड आली. मग त्याने खरं खरं लिहायला घेतलं. माझी आई गेली तेव्हा हा सगळे दिवस माझ्या स्वयंपाकघरात नुसता बसून राहिला. रोज सोंगटी सरकवायचा आणि मला कळतंय हे त्याला माहीत असायचं. एवढं लिहून झाल्यावर शेवटी ‘माझा मित्र होता’ मधलं ‘होता’ टाइप करायची वेळ आली. बाकीच्या चौदा जिवंत माणसांच्या पत्रकांत ते एका बोटाने टकटक करून त्याने बिनदिक्कत टाइप केलं होतं. इथे बोट खाली येईना. त्याने सगळं खोडलं. बुधवारीही तेच झालं.

"अजून लिहितोयस?" त्सोंकाने विचारलं.

"खोडतोय."

ती त्याच्यामागे येऊन उभी राहिली. मोकळं पान बघून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या हाताला भाजल्या मिरच्यांचा वास येत होता.

गुरुवारी सकाळी कॉफी पिऊन, कप पालथा घालून स्तामेन बसला. पेन ड्राइव्ह लावला, बरण्यांचं फोल्डर उघडलं आणि त्यातून मिंचोचं पान काढून टाकलं. मग स्वतःचंही काढलं, कारण ते पुन्हा कुणाच्या हाती लागलं तर विंग सोडून जावं लागलं असतं. बाकीचे तेरा जण तसेच राहू दिले. मग त्याने नवी सिस्टीम टाकायला घेतली. पडद्यावर प्रश्न आला: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? हा प्रश्न आला की एकदा थांबायचं, काय काय राहिलं ते मनात मोजायचं, असं तो लोकांना शिकवायचा. काय राहिलंय ते त्याला बरोबर माहीत होतं. त्याने ‘हो’ दाबलं.

खाली टॅक्सी येऊन उभी होती. त्सोंकाने रिवाजाप्रमाणे तांब्याभर पाणी दारात सांडलं, वाटेतलं सगळं पाण्यासारखं सुरळीत जावं म्हणून. मग वेलिच्काच्या हातात तिने एक बरणी दिली आणि तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. वेलिच्का थबकली.

"या वेळी खरं सांगतेयस?"

"खरं," त्सोंका म्हणाली. "साखर नाही घालायची. कधीच नव्हती."

मिंचो कोट घालून दारात उभा होता. कोट त्याला सैल झालेला स्तामेनला आज पहिल्यांदा दिसला.

"लिहिलंस?" मिंचोने विचारलं.

"नाही. हरवलं."

"काय हरवलं?"

"तुझं पान. आज फॉरमॅट मारला. बाकी सगळं काढून घेतलं, तेवढं काढायचं राहून गेलं."

"पेन ड्राइव्हवर होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"तिथूनही गेलं."

तिसऱ्या मजल्यावर पेन्यो सिगारेट ओढत वाकून ऐकत होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगला कळणार, हे स्तामेनला दिसत होतं.

"तुझ्या हातून आजवर एक फाइल हरवली नव्हती ना?" मिंचो म्हणाला.

"ही पहिली." मग वर पेन्योलाही नीट ऐकू जावं म्हणून स्तामेन जरा मोठ्याने म्हणाला, "मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, मिंचो. उगाच मिरवतो मी."

मिंचोने त्याच्याकडे पाहिलं. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला, तरी तो हलला नाही.

"म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून टाइप करावं लागणार," तो म्हणाला.

"हो."

"एका बोटाने."

"एकाच बोटाने."

"किती वेळ लागेल?"

"माझा वेग बघता," स्तामेन म्हणाला, "वीसएक वर्षं धर."

"चालेल," मिंचो म्हणाला आणि गाडीत बसला. "मला काही घाई नाही."